गळकी कळशी आणि मध्ये आलेली अमावास्या

पहिला दिवस : शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

आईच्या लग्नातली तांब्याची कळशी दोन वर्षं डोंबिवलीच्या गॅलरीत उपडी पडून होती. पोटाच्या मधोमध, जिथं वरचा भाग आणि बूड एकमेकांना जोडलेले असतात, तिथून पाणी झिरपायचं. लांबी भरून झाली, डिंकासारखं काहीबाही लावून झालं. आमच्या इथल्या भांडेवाल्याने तर कळशी हातात न घेताच सांगितलं, "मोडीत द्या काकू, त्यात जीव नाही राहिला."

गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय. "चि. सौ. कां." एवढं वाचता येतं, पुढचं आईचं नाव चिंचेने घासून घासून निम्मं गेलंय, आणि शेवटी "शके १८८४, नाशिक". म्हणजे १९६२. आजोबांनी ती नाशिकच्या भांडी बाजारातून घेतली होती. जिथली आहे तिथेच नेऊन दाखवू, असं ठरवलं आणि कल्याणहून सकाळची तपोवन पकडली. कळशी जुन्या नऊवारीत गुंडाळून मांडीवर. कसाऱ्याला मागून इंजिन लागलं तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "अस्थी आहेत का हो?" पितृपक्ष चालू होता आणि गाडी नाशिकची, त्यांचंही बरोबरच होतं.

नाशिकरोडहून सिटीलिंकची बस, रविवार कारंजाला उतरले. मावसबहीण पंचवटीत राहते, पण तिच्याकडे न जाता आधी बाजार गाठला. रस्ते खणलेले, सिंहस्थ जवळ आलाय हे कोणी सांगायची गरज नाही. भांडी बाजार उताराने गंगेकडे जातो. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. "गंगेवर जाऊन येते" म्हणजे हरिद्वारला नव्हे, रामकुंडावर.) पूर आला की पाणी आधी ह्याच बाजारात शिरतं. त्यामुळे जुन्या दुकानांचे जोते उंच आणि जड माल खाली, हलका वर.

पहिल्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलाने कळशी सरळ काट्यावर ठेवली. मी आत येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती.

"मोडीचा भाव लावतो. डाग जातील, घट धरावी लागेल."

मोड, घट, डाग. आपण "योजना मोडीत निघाली" म्हणतो ते कुठून आलं असावं, हे त्या काट्यासमोर उभं राहिल्यावर कळतं. जुनं भांडं द्यायचं, वजनावर पैसे धरायचे, आणि मळ, जोडाचा मसाला (त्यालाच डाग म्हणतात), वितळताना होणारी तूट म्हणून थोडं वजन कापायचं, ती घट. मी आणखी तीन दुकानांत विचारलं. भाव तोच, घटही तीच, अगदी वाक्यसुद्धा जवळजवळ तेच. बँकेत पस्तीस वर्षं काढली असल्याने एकसारखे दर दिसले की माझे कान टवकारतात. चौथ्या दुकानातल्या वयस्कर शेठना मी तसं बोलून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "बाजार एक, भाव एक. हे आज नाही ठरलेलं." आणि मग त्यांनीच सुचवलं, "दुरुस्तीच करायची ना? मग दुकानात कशाला फिरता? आम्ही विकणारे. घडवणारा गाठा. तांबट लेनमध्ये जा."

हा फरक मला नवा होता. मी आजवर कासार, तांबट, ओतारी ही सगळी एकाच कामाची नावं समजत होते.

जुनी तांबट लेन आता नावापुरतीच तांबटांची उरली आहे, असं बहिणीने फोनवर बजावलं होतं. ते बरंचसं खरं आहे. ठोक्यांचा आवाज ऐकत पत्ता शोधायचा, ही कल्पना दहा मिनिटांत निकालात निघाली. ऐकू येत होते ते मोटरसायकलींचे हॉर्न. एका वाड्याच्या ढेलजेत मात्र एक म्हातारबुवा सापडले. वय अठ्ठ्याहत्तर, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं. कळशी घेतली, बोटाच्या पेराने वाजवली, कानाशी धरून फिरवत पुन्हा वाजवली. तीन ठिकाणी "ठण्ण" आणि एका ठिकाणी "थड".

"इथं सुटलीय. बाकी कळशी पोरगी आहे अजून. कुणी मोडीत द्या म्हणालं?"

"चार जण."

"म्हणणारच. उद्या या."

दुसरा दिवस : शनिवार

सकाळी नऊला गेले तेव्हा काकांची भट्टी पेटलेली होती. पूर्वी चामड्याचा भाता असायचा, आता छोटा विजेचा पंखा. जमिनीत गाडलेल्या लाकडी ओंडक्यात लोखंडी मेखा रोवलेल्या: एक टोकाला गोल, एक चपटी, एक बगळ्याच्या मानेसारखी वाकडी. भांड्याच्या पोटात मेख जाते आणि बाहेरून हातोडी पडते. भांडं दोघांच्या मध्ये.

आधी त्यांनी जुना जोड उघडला, आणि त्यासाठी तरी मी तिथं असायला हवी होतीच. साठ वर्षांचा मळ निघाल्यावर आत दिसले दाते. दोन्ही कडांना कात्रीने बारीक काप देऊन एक दाता वर, एक खाली असे ते एकमेकांत अडकवलेले, वेणी घालावी तसे. बाहेरून ही वेणी कधी दिसलीच नव्हती. काका म्हणाले, "हे ज्याने केलं त्याला घाई नव्हती." मग ते दाते त्यांनी पुन्हा ठोकून बसवले, फटीत पितळेचा कीस आणि टाकणखार पाण्यात कालवून भरला आणि कळशी निखाऱ्यावर धरली. टाकणखार आधी फुलला, मग काचेसारखा वितळला. पितळ तांब्याच्या आधी वितळतं, सगळी गंमत त्यावरच आहे. नजर क्षणभर हलली तर कळशीच वितळायची. काकांनी मला बोलू दिलं नाही. एक पिवळी चमक जोडावरून सापासारखी सरकत गेली आणि त्यांनी कळशी उचलून पाण्यात घातली. चर्र आवाज, वाफ, आणि मग म्हणाले, "हां, आता बोला."

त्यांनी डाग दिलेला तांबडालाल भाग पाण्यात घातला तेव्हा मला वाटलं, लोखंडासारखा कडक होईल. उलट आहे. तांबं तापवून पाण्यात घातलं की मऊ पडतं. ठोकत गेलं की कडक होतं. ठोक्याचा आवाज चढत चढत किनरा झाला की थांबायचं, पुन्हा तापवायचं. नाही थांबलं तर पत्रा तडकतो. एका घागरीला असं किती वेळा तापवावं लागतं, विचारलं. "ती सांगते," म्हणाले. मी वहीत आकडा लिहायला पेन काढलं होतं, ते परत ठेवलं.

चहाच्या वेळी गप्पा निघाल्या. माझ्या कासार-तांबट गोंधळावर त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. ओतारी ओततो: घंटा, समयांचे खांब, मूर्ती. तांबट पत्रा ठोकून घडवतो: हंडा, घंगाळ, बंब. कासार दुकान मांडतो. जिल्हई, म्हणजे चकाकी, देणारा वेगळा, कल्हईवाला वेगळा, नाव घालणारा वेगळा. "एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. मला नाव घालता येत नाही असं नाही. घालत नाही."

"आणि कोणी घातलंच तर?"

"माझ्या आजाच्या वेळी पंच बसायचे. दंड व्हायचा. तो कालिकेच्या देवळात. त्यातनं मग समाजाची मोठी भांडी व्हायची, लग्नकार्याला कोणीही न्यावी."

हे ऐकून मला वीज चमकावी तसं वगैरे काही झालं नाही, पण बँकेतली माणसं ज्याला राखीव निधी म्हणतात तो इथं सार्वजनिक पातेल्यांच्या रूपात ठेवलेला होता, ह्याची मौज वाटली. पेठेचे शेटे आणि महाजन पेशवाईत वतनदार होते, बाजाराची शिस्त त्यांच्याकडे. पण कारागिरांची आतली शिस्त त्यांच्या त्यांच्या पंचांकडे. काका त्वष्टा समाजाचे. विश्वकर्म्याचे पाच पुत्र मानतात: मनू लोहाराचा, मय सुताराचा, त्वष्टा तांबटाचा, शिल्पी पाथरवटाचा आणि दैवज्ञ सोनाराचा. पाचांत भांडण नको म्हणून बापाने पाच वेगळे धातू-जिन्नस वाटून दिले, असं काकांचं स्पष्टीकरण. ते पुराणात असंच आहे का ह्यात मी शिरले नाही; बाप शहाणा होता एवढं खरं.

दुपारनंतर मठारकाम सुरू झालं. मठारणं म्हणजे घडलेल्या भांड्यावर आरशासारख्या गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारीशेजारी ठोके देत जाणं. जुन्या तांब्याच्या भांड्यांवर ते खवल्यांसारखे चमकते ठिपके असतात ना, ते. मला वाटायचं ती नक्षी आहे. ती शोभेची आहेच, पण त्या ठोक्यांनीच मऊ पडलेलं तांबं पुन्हा ताठ होतं. नाही तर भरलेली कळशी कमरेवर घेताच पोचा पडेल. प्रत्येक ठोका मागच्याला किंचित चिकटून, ओळ वाकडी न होता. काकांचा डावा हात कळशी मेखेवर फिरवत होता आणि उजवा हात नुसता पडत होता. लक्ष होतं ते डाव्याचंच.

जवळजवळ निम्मी ओळ झाली आणि चारच्या सुमाराला त्यांनी हातोडी ठेवली.

"उरलेलं सोमवारी."

मी म्हटलं, काका, मी उद्याच्या गाडीने जाणार आहे. तिकीट आहे.

"उद्या सर्वपित्री. अमावास्येला आम्ही हत्यार उचलत नाही."

दुप्पट मजुरीचं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. बरं झालं गिळलं. तेवढ्यात त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, "ताई, ह्यांनी माझ्या लग्नाच्या हंड्याला पण अमावास्येला हात लावला नव्हता. मांडव उभा होता बाहेर."

तिकीट रद्द केलं. जाताना काकांनी लेनमधली एक जागा दाखवली: जमिनीच्या पातळीत बुजवून झाकलेली रहाड. पेशवाईपासूनचा हा दगडी हौद वर्षभर बंद असतो, वरून लोक ये-जा करतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि मग पोरं त्यात धप्पा मारतात. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक आणि ही तांबट लेनची. "ठोके बंद पडतील एक दिवस, रहाड नाही बंद पडायची," असं काका म्हणाले, आणि त्यात दुःख होतं की अभिमान ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरा दिवस : रविवार, सर्वपित्री अमावास्या

फुकटचा दिवस मिळाला. रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती, तर्पणाची ताम्हणं आणि पळ्या इकडून तिकडे फिरत होत्या. रामकुंडापासून जवळच नारोशंकराचं देऊळ. १७४७ चं रामेश्वराचं मंदिर, पण सगळं नाशिक त्याला बांधणाऱ्या सरदाराच्या नावाने ओळखतं, आणि त्याहून जास्त त्याच्या घंटेने. भिंतीवरच्या कमानीत टांगलेली ही घंटा मुळात चर्चची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतली ही लूट. तिच्यावर १७२१ साल आहे. गोदेला पूर आला की म्हातारी माणसं विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? घंटेला लागलं का?" (हा मारुती म्हणजे नदीपात्रातली उंच मूर्ती, पुराचं माप तिच्यावरून.)

काल ओतारी आणि तांबट ह्यांतला फरक शिकल्यामुळे मी घंटेकडे पहिल्यांदाच धातू म्हणून पाहिलं. तांब्यात कथील मिसळलं की कासं होतं, वाजणारं पण ठिसूळ. जस्त मिसळलं की पितळ, लवचीक पण आवाजाला बोथट. घंटा पितळेची असती तर इतकी वाजली नसती, आणि माझी कळशी काशाची असती तर आजोबांच्या घरापर्यंतही पोचली नसती.

मग रिक्षा करून पांडवलेणी. पायऱ्या चढताना गुडघ्यांनी निषेध नोंदवला. दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचे ब्राह्मी लेख आहेत, साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. भाषांतराचे कागद बरोबर आणले होते. इथं मात्र मला खरोखर माझ्या माहेरी आल्यासारखं झालं, कारण तो लेख म्हणजे चक्क ठेवीची पावती आहे.

उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३,००० काहापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव दिली. ती राजाच्या कोठारात नाही, देवळात नाही. ठेवली गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. म्हणजे कारागिरांच्या संघाकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. अट अशी की मुद्दल परत करायची नाही, फक्त व्याज द्यायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा काहापण, चीवरासाठी, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रासाठी. मी तिथंच कागदाच्या मागे हिशेब केला: २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, २४०. तंतोतंत! शाखा तपासणीला आलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याने सही ठोकली असती. शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केलं आणि रीतसर नोंदवलं, तेही लेखात आहे.

एकाच गावात, एकाच धंद्याच्या दोन श्रेणी, आणि व्याजदर वेगळे. भांडी बाजारातल्या चार दुकानांपेक्षा इथं स्पर्धा जास्त होती म्हणायची.

ह्याच लेण्यात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेव दिली, ती कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणारे ह्यांच्या श्रेणींकडे. कोष्टी झाले, कुंभार झाले, तेली झाले; माझे तांबट कुठे? ते जुन्नरला आहेत. तिथल्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीबरोबर कासकारांच्या, म्हणजे कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या पैशांची नोंद आहे. राजाचा जावई ज्यांच्या हाती कायमची ठेव देतो ते लोक काय पतीचे असतील? राजे बदलतील, श्रेणी राहील, असा तो हिशेब दिसतो. बँकेत आम्ही सोनार-कासारांना कर्ज देताना तीन-तीन जामीन मागत होतो, ते आठवून जरा अवघडले.

उतरताना भेळ खाल्ली. तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

चौथा दिवस : सोमवार, घटस्थापना

भांडी बाजारात आज निराळाच रंग. घटासाठी तांब्याचे कलश, ताम्हणं, समया. शुक्रवारी मला "मोडीत द्या" म्हणणारा मुलगा आज एकाच वेळी चौघींना तांबे दाखवत होता आणि प्रत्येकीला "हा खास तुमच्यासाठी" म्हणत होता. बहिणीने तिची दोन पितळी पातेली माझ्या गळ्यात मारली होती, कल्हई करून आण म्हणून. ते काम एका चाचांनी रस्त्याच्या कडेलाच करून दिलं. पातेलं तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढऱ्या धुराचा लोट, कथलाची कांडी कडेला टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एकच फेरा. पिवळं पातेलं आतून चांदीचं. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत. नवसागराचा तो नाकात घुसणारा वास आला आणि मी एकदम आठ वर्षांची, चाळीच्या जिन्यात उभी.

माझ्या कळशीलाही आतून करा म्हटलं तर चाचा म्हणाले, "पाण्याच्या तांब्याला कल्हई कशाला? ती आंबटाला, शिजवायला. आणि तुमची कळशी त्यांच्या हाताखालची आहे ना, त्यांना विचारल्याशिवाय मी नाही लावणार हात." काकांचं नाव मी घेतलंही नव्हतं. जोडाकडे बघून ओळखलं.

काकांकडे पोचले तर कळशी तयार. चिंचेने घासलेली, गुलाबीसर लाल, मठाराच्या ओळी गळ्यापासून बुडापर्यंत. शनिवारी कुठे थांबले होते ते मला शोधून सापडलं नाही. मजुरी अकराशे. मी जास्त द्यायला गेले तर परत केले, आणि "खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तेव्हा आठवण ठेवा" म्हणाले. पैशाची की नमस्काराची, ते विचारायचं राहिलं.

शेवटचं काम नावाचं. काकांनी त्यांच्याच एका ओळखीच्या माणसाकडे पाठवलं. दीड फूट रुंद जागा, एक स्टूल, खिळ्यासारखी पोलादी टोचणी आणि छोटी हातोडी. आता बहुतेक ठिकाणी विजेचं यंत्र आहे, ह्यांच्याकडेही होतं, कोपऱ्यात. आईचं पुसट झालेलं नाव पुन्हा गडद करून द्या म्हटलं.

त्यांनी भिंग लावून अक्षरं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मान हलवली. "ह्यातला 'ल' बघा कसा काढलाय. हे माझ्या हातचं अक्षर नाही. दुसऱ्याच्या ठिपक्यावर ठिपका मारला तर दोघांचंही बिघडतं. खाली नवीन ओळ घालतो."

काय घालायचं ते मी ठरवलं नव्हतं. माझं नाव? लेकीचं? ती पुण्यात, तिच्या फ्लॅटमध्ये फिल्टर आहे. शेवटी म्हटलं, "दुरुस्त, शके १९४७, नाशिक" एवढंच घाला. त्यांनी खडूने आखलं आणि ठिपके पडायला लागले, टक टक टक, काकांच्या ठोक्याहून किती बारीक.

निघताना काकांचा फोन आला होता, सूनबाईंच्या मोबाइलवरून. घरी गेल्यावर कळशी काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागद बघा.

मंगळवारी सकाळी बघितलं तर कागद ओला. गोल, कळशीच्या बुडाएवढा. माझ्या पोटात धस्स झालं. लगेच फोन लावला.

"जोडाच्या खाली ओलं आहे की सगळीकडनं?"

सगळीकडनं.

"मग घाम आहे तो. तांब्याला येतो पावसाळ्यात. पुसा आणि पुन्हा ठेवा. जोडावर बोट फिरवा."

फिरवलं. जोड कोरडा होता.